तिसरी नळी

४ फेब्रुवारी

ही डायरी ह्यांच्या लिफ्टच्या कंपनीने गेल्या वर्षी दिली होती. कोरीच राहिली, टाकवेना. छापलेले वार चुकीचे आहेत, पण तारखा चालतात. हिशेबाची वही वेगळी आहे. तिच्यात मनातलं लिहायला लागले तर बेरीज चुकते.

आज लिहायचं कारण, घरी एक बाई येऊन गेल्या. डॉक्टर आहेत, पण औषध देत नाहीत. ह्यांना जे झालं त्याचा अभ्यास करतात. झालं ते असं. गेल्या वर्षी ह्यांना क्षय झाला. छातीच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. खोकला कमी झाला आणि डोळे पिवळे झाले. अन्न समोर आलं की तोंड फिरवायचे, लघवी काळ्या चहासारखी. इस्पितळात नेलं तेव्हा मला नावाने हाक मारायच्या ऐवजी कामावरच्या हेल्परच्या नावाने मारत होते. तिथे कळलं की हे आजाराचं नाही, गोळीचं. यकृत होरपळलं होतं. सगळ्या गोळ्या बंद केल्या, मग एकेक परत देऊन बघितली आणि कोणती बाधली ते शोधलं. देवाने माणूस परत दिला.

तेव्हा मी औषधाच्या दुकानदारावर संशय घेतला होता. शिळा माल खपवतो असं माझं पक्कं मत. त्याने मला पाकिटावरची तारीख दाखवली. तारीख काय, कुणीही छापतं.

ह्या बाई म्हणतात, गोळीत खोट नव्हती. हजारोंना ती पचते. काहींच्या शरीराची घडणच अशी की ती आत साचत जाते, आणि ही घडण आईबापांकडून येते. जनुक म्हणतात त्याला. मॅट्रिकला आम्हाला बेडूक होता, जनुक नव्हतं. तर बाईंना हवी आहे थुंकी. ह्यांची, धाकट्या भाऊजींची आणि आमच्या चिंगीची. भाऊजींची अशासाठी की त्यांना तरुणपणी हाच आजार होऊन गेला, हीच गोळी होती आणि त्यांना काही म्हणजे काही झालं नाही. चिंगीची अशासाठी की ती ह्यांची मुलगी.

पैसे घेणार नाहीत आणि देणारही नाहीत. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. फुकटात कोण कुणाची थुंकी वाहून नेतं?

५ फेब्रुवारी

भाऊजी आले होते. त्यांचं फर्निचर पॉलिशचं दुकान आहे, पण अर्धा दिवस ते आमच्याकडेच ह्यांच्याशी पत्ते कुटत असतात. म्हणाले, “वहिनी, जन्मभर लोक सांगत आले इथे थुंकू नका. आता डॉक्टरीणबाई स्वतः नळी घेऊन दारात उभ्या आहेत. अशी इज्जत कधी मिळायची?”

हे हसले. मी हसले नाही. बाईंनी आणलेला कागद मी दोनदा वाचला. त्यात लिहिलंय की नावं गुप्त राहतील, नळीवर फक्त आकडा असेल. जिथे काही लपवायचं नसतं तिथे गुप्त राहील असं कोण लिहितं?

खरी भीती वेगळी आहे. चिंगीचं लग्न ठरलं आहे. मुलगा इमारतींचे नकाशे काढतो, चष्म्याच्या काचा जाड, स्वभाव सरळ. त्याच्या आईचा स्वभाव अजून कळलेला नाही, म्हणजे चांगला नसावा. ह्यांचा आजार आम्ही त्यांना टायफॉइड म्हणून सांगितला आहे. आता पोरीच्या नावाने दोषाचा कागद निघाला आणि तो फिरत फिरत तिकडे पोचला तर? कागदाला पाय असतात. हे म्हणतात, तुला देवावर विश्वास आहे आणि माणसावर नाही. मी म्हटलं, देवाने कधी माझ्याकडून सही मागितली नाही.

७ फेब्रुवारी

नळ्या आज घेऊन गेल्या.

सकाळी उठल्यावर काही खाण्यापिण्याच्या आत भरायच्या होत्या. ह्यांनी भरली. भाऊजींनी घरून भरून आणली, वर फेस आला म्हणून काळजीत होते. चिंगीची पहाटेची पाळी. कुरिअरच्या गोदामात पार्सलं निवडायचं काम, बस चुकली की पगार कापतात. ती पळाली. तिची नळी ओट्यावर तशीच.

बाई येणार दहाला. मी जप करून उठले होते, जपाआधी पाण्याचा थेंबही मी तोंडात घेत नाही. नळीकडे बघत उभी राहिले आणि मग रेघेपर्यंत मीच भरली. झाकण दाबलं की आतलं निळं पाणी खाली उतरतं, तेही केलं.

दोन कामं झाली. नळी वाया गेली नाही, आणि माझ्या पोरीचं काही कुणाच्या हातात गेलं नाही. माझं काय ते बघा म्हणावं. मी कधी दवाखान्याची पायरी चढलेली नाही, चिंगीच्या वेळेची सोडली तर. संध्याकाळी तिला सांगितलं, तुझी नको म्हणाल्या. ती बरं म्हणाली आणि झोपली. हे दोघे भाऊ तेव्हा बाल्कनीत होते, त्यांना वाटतंय ती भरून गेली होती.

१६ एप्रिल

मधे लिहिण्यासारखं काही घडलं नाही. ह्यांचं वजन वाढलं. चिंगीला दोनदा सर्दी झाली.

आज बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. त्यांची खोली इस्पितळाच्या मागच्या बाजूला आहे. मोठं कपाट, त्याचं दार उघडलं की धूर येतो, तो धूर नाही, थंडी आहे. आत रांगेने नळ्या. खुर्चीच्या पाठीवर स्वेटर. एवढ्या शिकलेल्या बाईच्या टेबलावर डब्याचं झाकण उघडं.

एरवी असं कुणाचं वैयक्तिक काही सांगत नाहीत, पण ह्यांना पुढे औषधं घेताना उपयोगी पडेल म्हणून समितीची परवानगी काढली म्हणाल्या. कागदावर दोन रेघा मारून समजावलं. प्रत्येकाकडे त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. ह्यांच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या. भाऊजींची एक चांगली, एक सदोष. एक असली तर बहुतेक जण निभावतात, पण गोळी बेताने द्यावी लागते आणि रक्त दर आठवड्याला बघावं लागतं.

ह्यांनी आयुष्यभर लिफ्टच्या तारा तपासल्या आहेत, त्यांना दोनपैकी एक तार म्हणजे काय ते लगेच कळलं. विचारलं, “म्हणजे माझ्याकडे चांगली प्रत एकही नाही. मग पोरीला माझ्याकडून जी गेली ती सदोषच असणार?”

बाई कागद सरळ करत बसल्या. मग म्हणाल्या, मुलीचं मी काकूंना नंतर सांगते. काकूंना एकटीला का? माझा जीव थाऱ्यावर नाही.

१८ एप्रिल

आज एकटी गेले. बाईंनी दार लावून घेतलं आणि स्वतःची खुर्ची उचलून माझ्या शेजारी आणली. दार लावून घेणाऱ्याचं कधी चांगलं नसतं.

आधी म्हणाल्या, चिंगीच्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत, सदोष एकही नाही. मी देवाचे आभार मानले. मग हळू आवाजात विचारलं, “काकू, चिंगी तुमची स्वतःचीच ना? म्हणजे दत्तक वगैरे?”

मी म्हटलं, पोटावर टाके आहेत, दाखवू का. तर म्हणाल्या, तसं नाही, रागावू नका. आणि मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या की संसारात कधी काय घडतं ते मी विचारणार नाही, मी न्याय करायला बसलेली नाही, माझ्याकडून ही गोष्ट घरात कुणालाही कळणार नाही. मला वाटलं नळीचं उघडं पडलं. मान वर होईना, डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि पुढे काही विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाल्या की अभ्यासातून तो नमुना त्या बाजूला काढून ठेवणार आहेत.

म्हणजे नळीचं कळलेलं नाही. कळलं असतं तर ओरडल्या असत्या. पण मग बाजूला का काढताय? निर्दोष माणसाचा कागद दडवण्यात कुणाचा फायदा? मी म्हटलं, एकही दोष नाही असं लिहून तरी द्या, पुढे विहीणबाईंना दाखवता येईल. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मीच वेडी. लिहून दिलं नाही ते नाहीच.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तुमचं खापर पोरीच्या डोक्यावर नाही. एकही सदोष प्रत नाही तिच्यात. ह्यांनी विचारलं, एकही नाही? मी म्हटलं, एकही नाही, दोन्ही चांगल्या, बाईंच्या तोंडून ऐकलं मी. हे जेवत होते. हात धुऊन उठले. निम्मं ताट तसंच, मी झाकून ठेवलं.

२७ एप्रिल

ह्यांचं काहीतरी बिनसलं आहे. खोकला नाही, डोळे पांढरे आहेत, मी रोज बघते. पण बोलत नाहीत. काल कपाटावरचा जुना फोटोंचा डबा काढून बसले होते. मी खोलीत गेले तर झाकण लावलं. जुने फोटो माणूस दोनच कारणांनी काढतो, मरण दिसायला लागलं की किंवा जुनी ओळख भेटली की. दुसऱ्या कारणाचा संशय घ्यायला मन धजत नाही, पण लिहून ठेवते.

३ मे

आज चहा पिताना विचारलं, त्या उंच इमारतीच्या कामासाठी मी परगावी होतो ते चिंगी व्हायच्या आधी की नंतर? मी म्हटलं, आधी. होतं-नव्हतं सामान घेऊन परत आलात, आणि मग वर्ष व्हायच्या आत ती झाली. म्हणाले, वर्ष व्हायच्या आत. मी म्हटलं, हो, का? काही नाही म्हणाले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या काळातला फंड कंपनीने जमा केलेला नसणार. तो हिशेब चाललाय ह्यांचा. मला सांगितलं तर मी कागद काढून देईन, पण पुरुषांना वाटतं आपण एकटेच हिशेब करू शकतो.

९ मे

भाऊजी आले तर हे अंघोळीला गेले. सकाळी अंघोळ झालेली होती. भाऊजी तासभर बसले, पत्ते पिसले, परत खिशात घातले. “वहिनी, माझ्या थुंकीत काही वाईट निघालं का? दादा माझ्याकडे बघत नाही.” मी म्हटलं, तुमची एक प्रत सदोष आहे, पण ती काही आजची नाही.

दोघांत वाटणीवरून काही झालंय का? वाटायला आहे काय, एक शिवणयंत्र. सासूबाईंचं ते यंत्र भाऊजींच्या घरी आहे हे खरं, पण ह्यांना शिवता येत नाही.

२१ मे

चिंगीला संध्याकाळचा ताप येतो. गोदामातल्या धुळीने म्हणते. खोकते आणि माझ्याकडे बघून थांबते. हा खोकला मला पाठ आहे. मी वर्षभर ह्यांच्या उशाशी बसले आहे.

चहातली साखर सोडली आहे देवाला बोलून. ती बरी झाली की परत घेईन.

२ जून

तोच आजार. छातीच्या फोटोत डाग आला, बेडक्यात जंतू आले.

चिंगी म्हणाली, टायफॉइड म्हणून सांगशील ना? मी हो म्हणणार होते. ती हसत नव्हती.

हे दुपारभर तिच्या पायथ्याशी बसून होते. तिला झोप लागल्यावर बाहेर आले आणि म्हणाले, “मुलगी आपली म्हटली की आपली.” मला वाटलं लग्नाचं बोलतायत. मी म्हटलं, अजून तरी आपलीच आहे, दिली कुठे? मग मला म्हणाले तू थकली आहेस, बस जरा, आणि स्वतः चहा केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दूध उतू घालवलं, मी काही बोलले नाही. चहा करण्यामागे काय आहे ते मात्र अजून कळलेलं नाही.

५ जून



छातीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, मी आणि चिंगी. त्यांना ह्यांची सगळी कथा पाठ आहे. म्हणाले, बापाचं यकृत ज्या गोळीने गेलं तीच द्यायची म्हणून मी आधी संशोधनवाल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या जरा अडखळल्या, मग म्हणाल्या की मुलीच्या नमुन्यात बापाकडचा दोष नाही. तेव्हा काळजी नको. नेहमीची पूर्ण मात्रा देऊ, रक्त महिन्याने बघू.

मुलीच्या नमुन्यात. मुलीचा नमुना कुठे आहे? माझा आहे.

चिंगी म्हणाली, “पण माझा नमुना...” मी तिच्या पायावर पाय दिला. ती कण्हली. डॉक्टरांना वाटलं छातीत दुखतंय.

रस्त्यात तिने विचारलं, माझा नमुना त्यांनी नको म्हटलं होतं ना? मी म्हटलं, नंतर घेतला असेल तुझ्या रक्तातून, तुला कळलं नसेल. देवा, एका खोट्याच्या अंगावर दुसरं, दुसऱ्याच्या अंगावर तिसरं.

१२ जून

गोळ्या सुरू आहेत. रोज सकाळी खिडकीशी उभी करून तिचे डोळे बघते. ती म्हणते, माझं काय प्रदर्शन मांडलंय का.

मनाची समजूत घालते. तिच्यात माझंही आहेच की. माझ्या दोन्ही प्रती चांगल्या निघाल्या, माझ्याकडून तिला चांगलीच गेली असणार. भाऊजींना एक सदोष असून काही झालं नाही. पण भाऊजींच्या अंगात तेव्हा रेड्याचं बळ होतं. ही काडी.

१५ जून

काल मी ती गोळी काढून घेतली. पांढरी, छोटी, जिने ह्यांना जवळजवळ नेलं होतं तीच. बाकीच्या दिल्या. तिने विचारलं, एक कमी का? मी म्हटलं, दुकानात संपली. आज नेमकी डॉक्टरांकडची नर्स चौकशीला आली. चिंगीसमोरच म्हणाली, मधे एखादी गोळी सोडली तर आतला आजार शहाणा होतो, मग कुठल्याच औषधाला जुमानत नाही. असे दोन रुग्ण त्यांच्याकडे आहेत, दोघेही तरुण.

गोळी परत दिली. दिली तरी जाळते, नाही दिली तरी जाळते. जपात चित्त लागत नाही. देवासमोर बसले की देव विचारतो, नळी कुणाची.

१९ जून

चिंगीने जेवणाकडे बघून तोंड फिरवलं.

२० जून

सकाळीच गेले बाईंकडे. हे म्हणाले कुठे निघालीस, मी म्हटलं वाण्याकडे. पिशवी घेऊन गेले म्हणजे खोटं वाटणार नाही.

बाई दुर्बिणीसारख्या यंत्रावर वाकल्या होत्या. मी बसलेही नाही. सांगून टाकलं. चिंगी पाळीला गेली होती, नळी कोरी होती, मी भरली. तिच्या नावाचा कागद सासरी जाऊ नये म्हणून भरली. मला शिक्षा करा, पोलिसात द्या, पण तिच्या गोळीचं आधी बघा, ती काल जेवली नाही.

बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “ती नळी तुमची होती?”

मी हो म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला, लगेच फोन उचलला आणि छातीच्या डॉक्टरांना सांगितलं, मुलीला बापाकडून एक सदोष प्रत गेलीच असणार, तपासायचीही गरज नाही, बापाकडे द्यायला दुसरी नव्हतीच. सगळ्या गोळ्या थांबवा, आत्ता रक्त घ्या. एवढं पटपट बोलल्या की माझ्याही लक्षात आलं, हे त्या रेघांच्या कागदावर पहिल्या दिवसापासून होतं.

फोन ठेवला आणि माझे दोन्ही हात धरले. “काकू, मला माफ करा. मी तुमच्याबद्दल फार वाईट विचार केला.”

त्यांनी माझी माफी मागितली. मागायची होती ती मी. काय वाईट विचार केला ते विचारलं तर मान हलवली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. एवढ्या शिकलेल्या बाईने चोराची माफी मागावी यात काहीतरी आहे. पण आज विचार करायला डोकं नाही.

२१ जून

यकृताचा आकडा बराच वर आहे, पण डोळे अजून पांढरे आहेत. महिन्याची वाट बघितली असती तर बापाच्या वाटेने गेली असती, डॉक्टर तोंडावर म्हणाले. इस्पितळात ठेवलं आहे. खाटेच्या शेजारी नळ आहे, तो सारखा गळतो.

चिंगीला मी स्वतः सांगितलं. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं. तिने सगळं ऐकलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “लग्नाचं माझं मी बघेन. तू फक्त माझ्या नावाने थुंकू नकोस.”

मी तिचे कपडे धुवायला घरी नेले.

२४ जून

नकाशेवाला इस्पितळात येऊन गेला. चिंगीने त्याला फोन करून सगळं सांगितलं, बापाचा टायफॉइडसुद्धा. मला दारात बघून उभा राहिला आणि म्हणाला, आईला मी अजून बोललेलो नाही, बोलेन. तोंडावर कापडी पट्टी आणि वर तो चष्मा, श्वासाने काचा धुरकट झालेल्या, त्याला काही दिसत नसणार. तरी तासभर बसला. कशासाठी बसला असेल याचा मी येताना बसमध्ये विचार केला. एकही वाईट कारण सापडलं नाही. अजून शोधते आहे.

३० जून

आकडा उतरला. आज चिंगीने स्वतः मागून खाल्लं. उद्यापासून गोळ्या परत, एकेक करून, ती पांढरी सगळ्यात शेवटी आणि थोडी. दर आठवड्याला रक्त. तिने बाईंना स्वतःच्या हाताने नळी भरून दिली, माझ्याकडे बघत बघत, रेघेच्या वरपर्यंत. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. टॉवेल दे, पाणी दे. काम खूप काढते, असं वाटतं.

साखर इतक्यात घेत नाही. गोळ्या पुऱ्या होऊ देत.

१ जुलै

ह्यांना नळीचं मी सांगितलं नव्हतं. सांगण्याचा धीर नव्हता. गोळ्या बाधल्या एवढंच माहीत होतं त्यांना. पण आज बाई वॉर्डात आल्या, हे तिथेच होते. बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ह्यांना सांगितलंत का? मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, सांगा, आजच सांगा, नाहीतर मी सांगते. इतका कडक आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता.

मग जिन्यावर गाठून सांगितलं. तिसरी नळी चिंगीची नव्हती, माझी होती. तिच्यात दोष नाही म्हणाल्या तो माझ्यात नाही. तिच्यात तुमची एक प्रत आहे, सदोष. मी पोरीचा जीव धोक्यात घातला, काय बोलायचं ते बोला.

हे पायरीवर बसले. जाणारी येणारी माणसं वळसा घालून जात होती. मला वाटलं चक्कर आली, पदराने वारा घालायला लागले. तर तोंडावर हात धरून रडत होते. रडता रडता विचारलं, तिच्यात माझी आहे? मी म्हटलं, आहे ना, तीच तर पंचाईत. तर आणखी रडले. पोरीला बापाचा दोष गेला म्हणून माणूस एवढा रडतो, आणि तोंड बघावं तर हसणाऱ्याचं.

मी रागाची वाट बघत होते. राग आलाच नाही. उठून उभे राहिले, वॉर्डात गेले, चिंगीच्या डोक्यावर हात ठेवला, ती बाबा काय झालं म्हणाली, तर काही नाही म्हणाले. मग फोनवरून भाऊजींना बोलावलं. भाऊजी पॉलिशचे हात घेऊन धावत आले, काय झालं कोण गेलं म्हणून. ह्यांनी त्यांना व्हरांड्यात नेलं आणि मिठी मारली. भाऊजींचे हात दोन्ही बाजूंना वर, शर्ट खराब होईल म्हणून. माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उडवल्या. मला काय माहीत?

घरी आल्यावर ह्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, “अगं, तू माझ्यावर रागाव.”

मी विचारलं, कशाबद्दल? चूक माझी आहे.

म्हणाले, “कशाबद्दल ते विचारू नकोस. मी सांगणार नाही कधी. नुसती रागाव. मनापासून.”

ह्यांनी काहीतरी केलं आहे. ते फोटो, तो फंड, तो चहा, भाऊजींशी अबोला, सगळ्याला मिळून एक कारण आहे आणि ते मला सोडून बाईंनासुद्धा ठाऊक आहे. मी छडा लावल्याशिवाय राहणार नाही. पण माणूस हात जोडून समोर बसला होता आणि तोंडावर दोन महिन्यांनी रंग आला होता.

तेव्हा मी रागावले. इतक्या इमारतींच्या लिफ्ट वरखाली केल्यात आणि घरात बाथरूमच्या दाराची कडी लागत नाही, त्यावरून सुरुवात केली. मग टॉवेल ओला टाकतात त्यावर आले. मग आवाज चढला तो चढलाच, पोरीची भीती, इस्पितळ, नळी, सगळं त्या कडीवरच काढलं. हे ऐकत बसले, मधेच मान डोलवत, अगदी देवळात बसावं तसे.